ही फाइल कोणाची?

मंडळी, या शनिवारी जरा जुनं काहीतरी. जुनं म्हणजे शिवकालीन नव्हे, फार तर पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं. पण आमच्या धंद्यात तेवढ्यात तीन-चार युगं होऊन जातात.

घरात संगणक आला की काही महिन्यांत दोन प्रश्न हमखास पडायचे. पहिला : "हा सुरू का होत नाहीये?" आणि दुसरा : "ही अमुक-तमुक नावाची फाइल कसली आहे? उडवू का?" आम्ही आयटीवाले असल्याने हे प्रश्न लग्नाच्या पंगतीतही आमच्या पानावर वाढले जातात. वरवर बघता दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. पण त्यांचा इतिहास एकत्र वाचला तर एकाच गोष्टीची दोन टोकं सापडतात. आपल्या घरात आपण न आणलेली शेकडो माणसं वावरत आहेत, त्यातला घरचा कोण आणि चोर कोण, हे ओळखायचं कसं?

आधी संगणक सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. मी बुलडाणा जिल्ह्यातला, त्यामुळे उदाहरणही तिकडचंच देतो. बुलडाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण गावाला रेल्वे नाही. मुंबईहून यायचं तर मुंबई-हावडा मार्गावर मलकापूरला उतरा, तिथून एसटी पकडा, मोताळा मागे टाका, राजूरचा घाट चढा, की बुलडाणा. यात गंमत अशी की रेल्वेला फक्त मलकापूर माहीत आहे. घाट कसा चढायचा ते एसटीच्या ड्रायव्हरला माहीत. आणि बसस्टँडवरून तुमच्या घरची गल्ली फक्त रिक्षावाल्याला माहीत. प्रत्येकाला आपल्या पुढचा एकच टप्पा ठाऊक असतो.

संगणकाचं अगदी असंच आहे. बटण दाबलं की मदरबोर्डवरची बायोस जागी होते. तिला विंडोज वगैरे काही माहीत नसतं. जुन्या पद्धतीच्या यंत्रात तिला एवढंच ठाऊक : डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचला, शेवटच्या दोन बाइट ठरलेल्या आहेत का बघा, आणि त्याच्या हाती कारभार सोपवा. त्या ५१२ बाइटमध्ये ४४६ बाइटचा प्रोग्राम आणि ६४ बाइटचा विभागणीचा तक्ता. तो प्रोग्राम योग्य विभाग शोधतो आणि त्या विभागाच्या पहिल्या तुकड्याला हाक मारतो. विंडोज एक्सपीच्या काळात तो तुकडा एनटीएलडीआर नावाच्या फाइलला शोधायचा. एनटीएलडीआर बूट.आयएनआय वाचायची, यंत्रात काय काय बसवलंय याची मोजदाद करवून घ्यायची, मग विंडोजचा गाभा आणि रजिस्ट्री मेमरीत आणायची. तिथून पुढे लॉगिन, युझरइनिट, आणि शेवटी एक्सप्लोरर, म्हणजे आपल्याला दिसणारा डेस्कटॉप. आठ-दहा टप्पे. यातला एक रिक्षावाला गैरहजर असला की आपण बसस्टँडवर काळ्या पडद्याकडे बघत बसून राहणार.

आणि या साखळीचा दुसरा अर्थ असा, की जो कोणी तिच्यात सुरुवातीला घुसेल तो पुढच्या सगळ्यांचा मालक होईल. पीसीच्या दुनियेत हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? लाहोरच्या दोन भावांच्या. बासित आणि अमजद फारूक अल्वी. १९८६ मध्ये त्यांनी 'ब्रेन' लिहिला आणि तो फ्लॉपीच्या पहिल्याच तुकड्यात ठेवला. पीसीवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. फ्लॉपी यंत्रात राहिली आणि यंत्र सुरू केलं की बायोस इमानेइतबारे तो तुकडा उचलणार आणि त्याच्या हाती किल्ल्या देणार. बायोसला कुठे माहीत हा कोण ते! त्यात आणखी एक बारकावा होता. फ्लॉपीवर सिस्टिम नसली तर पडद्यावर "ही सिस्टिम डिस्क नाही" अशा अर्थाचा संदेश यायचा, आणि माणूस "अरेच्या, फ्लॉपी राहिली वाटतं" म्हणून ती काढायचा. पण तो संदेश दाखवणारा कोडही त्याच पहिल्या तुकड्यात असायचा. म्हणजे संदेश दिसेपर्यंत तिथे लपलेल्या पाहुण्याने आपलं काम उरकलेलं असायचं.

आता आपल्या मातीतला नमुना. १९९०च्या जूनमध्ये भारतात एक विषाणू सापडला, नाव 'जोशी'. हो, जोशीच! दरवर्षी ५ जानेवारीला यंत्र सुरू केलं की तो यंत्र अडवून धरायचा आणि म्हणायचा, जोशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करा. शुभेच्छा दिल्या की मुकाट्याने पुढे जाऊ द्यायचा. ऐकायला मजेशीर वाटतं, पण काम पक्कं होतं. हार्ड डिस्कच्या पहिल्या तुकड्यात बसायचं आणि कोणी तो तुकडा वाचायला गेलं तर त्याला मूळचा, स्वच्छ तुकडा काढून दाखवायचा. एवढंच नाही, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून यंत्र पुन्हा सुरू करावं तर तेही हा पकडायचा, आणि पुन्हा सुरू झाल्याचं नुसतं नाटक करून स्वतः मेमरीत ठाण मांडून राहायचा. म्हणून त्या काळातले जाणकार सांगायचे, वीज पूर्ण बंद करा, दहापर्यंत मोजा आणि स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करा. आजही आपण राउटर "बंद करून चालू" करतो, त्यामागे अशा कितीतरी जुन्या अनुभवांचं शहाणपण आहे.

त्यानंतर 'मायकेलअँजेलो'. १९९१ मध्ये सापडला, ६ मार्चला जागा व्हायचा आणि डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. १९९२च्या मार्चमध्ये जगभर घबराट पसरली होती, लाखो यंत्रं जाणार असं वर्तमानपत्रांतून येत होतं. प्रत्यक्षात गेली ती काही हजार. पण त्या घबराटीतून एक धंदा मात्र उभा राहिला. इकडे पुण्यात कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून संगणक दुरुस्तीत आले होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमध्ये वारंवार विषाणू निघायचे, आणि त्यांचा धाकटा भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होता. त्याने एकेका विषाणूवर उतारा लिहायला सुरुवात केली. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यावर क्विक हील आलं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचं नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की उतारा प्रयोगशाळेत न जन्मता दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला. यंत्र समोर उघडं आहे, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय, आणि हातातला माणूस "हे नेमकं कुठे अडलंय?" असं विचारतोय. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९९च्या २६ एप्रिलला तर कहर झाला. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला सीआयएच जागा झाला. चेर्नोबिलच्या अपघाताची तीच तारीख म्हणून त्याला चेर्नोबिलही म्हणतात. याने डिस्कची सुरुवात पुसलीच, वर जिथे जमेल तिथे बायोसही पुसली. म्हणजे आपल्या उदाहरणात रेल्वेचा रूळच उखडला. कोरिया, तुर्कस्तान यांच्याबरोबर भारतातही याने बरंच नुकसान केलं.

इथपर्यंत शत्रू खरा होता. आता येतो तो माझा सगळ्यात आवडता अध्याय, कारण यात शत्रू नव्हताच!

२००१च्या उन्हाळ्यात जगभर एक ईमेल फिरू लागलं. सुरुवात ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत झाली, मग त्याची भाषांतरं झाली. मजकूर साधारण असा : तुमच्या संगणकात सल्फएनबीके.ईएक्सई नावाची फाइल शोधा. सापडली तर तो विषाणू आहे, १ जूनला जागा होणार आहे, ताबडतोब उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधली. आणि सापडली की हो! सापडणारच, कारण ती विंडोज ९८ सोबत येणारी, लांबलचक फाइलनावं जपून परत बसवण्यासाठीची अगदी सरळमार्गी फाइल होती. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दुसरं पत्र. यावेळी जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई. हिचं चिन्ह टेडी बेअरचं. सिस्टिमच्या गंभीर फोल्डरमध्ये एक करडं अस्वल बसलंय म्हटल्यावर कुणालाही संशय येणारच. ती होती जावाच्या डीबगरशी संबंधित मायक्रोसॉफ्टचीच फाइल. पत्रात असंही लिहिलेलं असायचं की अँटिव्हायरसला हा सापडत नाही. खरंच होतं ते. निरपराध माणूस पोलिसांना गुन्हेगार म्हणून सापडेलच कसा?

आपल्याकडे पूर्वी पोस्टकार्डं यायची, "हे वाचून अकरा जणांना पाठवा, नाही पाठवलं तर अनर्थ होईल". ही ईमेलं त्यांचीच धाकटी भावंडं. पण पोस्टकार्डापेक्षा यांची रचना जास्त हुशार होती. पोस्टकार्ड म्हणायचं विश्वास ठेवा. हे ईमेल म्हणायचं स्वतः तपासून बघा! आणि तपासणी अशी, की तिचं उत्तर प्रत्येकाकडे "हो" हेच यावं. सुशिक्षित माणूस इथेच फसला. त्याने पुरावा मागितला, पुरावा मिळाला, आणि तो पुरावा नेमका कशाचा आहे हे विचारायचं राहून गेलं. फाइल "आहे" याचा तो पुरावा होता. ती "वाईट" आहे याचा नव्हता. तसं बघितलं तर हा एक चालता-बोलता विषाणूच. कोडऐवजी मजकूर, आणि तो चालवणारं यंत्र म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस.

यानंतरच्या दोन वर्षांत उलटा घोळ झाला. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर आणि २००४च्या एप्रिलअखेर सॅसर. हे दोघे फ्लॉपी-बिपी काही न लागता थेट नेटवरून यायचे. यंत्र सुरू व्हायचं, नेट जोडलं की थोड्या वेळात पडद्यावर खिडकी : साठ सेकंदांत यंत्र बंद होईल. आणि उलटी मोजणी सुरू. (स्टार्ट, रन, "शटडाउन -ए" हा मंत्र ज्यांना माहीत होता त्यांचा तेव्हा गल्लीत मोठा भाव होता.) त्या वेळी पडद्यावर नावं कुणाची यायची? ब्लास्टरच्या वेळी एसव्हीसीहोस्ट आणि सॅसरच्या वेळी एलसॅस. साहजिकच लोकांनी या दोन फाइलींनाच विषाणू ठरवलं. प्रत्यक्षात त्या विंडोजच्या अत्यावश्यक फाइली, हल्ल्यात जखमी होऊन पडलेल्या. सॅसरची स्वतःची फाइल वेगळ्याच नावाने बसलेली असायची. म्हणजे फिर्याद द्यायला आलेल्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आजही कामावर लॉग वाचताना मी हे मनाशी घोकतो : ज्याचं नाव शेवटच्या ओळीत आहे तो बहुतेक वेळा बळी असतो, दोषी दोन-चार ओळी वर असतो.

यावर उपाय निघाला होता. २००४च्या ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. फायरवॉल आपोआप सुरू, बरीच दारं बंद. पण त्याची पूर्ण फाइल सुमारे २६६ एमबीची. डायल-अपवर सेकंदाला चार-साडेचार केबी मिळाले तरी सतरा ते एकोणीस तास सलग फोन अडकवून ठेवायचा. त्यात मध्येच वीज गेली की पहिल्यापासून. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५च्या जानेवारीत सुरू झालं, पण ते तालुक्याच्या गावी पोचायला आणखी वेळ गेला. तोवर आमच्याकडे सगळा कारभार सीडीवर, आणि मग पेनड्राइव्हवर.

पेनड्राइव्ह आला आणि फ्लॉपीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नवीन डिस्क जोडली की ऑटोरन.आयएनएफ ही फाइल वाचून विंडोज आपणहून प्रोग्राम चालवायला बघायचं. सोय म्हणून दिलेली गोष्ट. २००७च्या सुमारास आपल्याकडे हीप४१ए नावाचा एक किडा याच वाटेने फिरत होता. ऑर्कुट उघडलं की ते बंद व्हायचं, आणि वर खिदळणारा संदेश यायचा की ऑर्कुटवर बंदी आहे. कॉलेजातली पोरं हवालदिल! त्याची मुख्य फाइल कोणत्या नावाची? एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई! पण ती सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये नसून सी ड्राइव्हवरच्या हीप४१ए या लपवलेल्या फोल्डरमध्ये असायची, आणि टास्क मॅनेजरमध्ये "सिस्टिम"च्या ऐवजी तुमच्या स्वतःच्या नावाने चालायची. दुसरे काही जण एलसॅसमधला छोटा एल काढून तिथे मोठा आय लावायचे, डोळ्यांना फरकच कळू नये म्हणून. आणखी काही फोल्डरचं चिन्ह लावून "न्यू फोल्डर" नावाने बसायचे. विंडोज मुळात फाइलचं शेपूट लपवून दाखवतं, त्यामुळे ईएक्सई आहे हे दिसायचंच नाही. माणूस फोल्डर समजून टिचकी मारायचा.

म्हणजे २००१ मध्ये आपण अनोळखी नावाला घाबरून घरच्या माणसाला हाकललं, आणि २००७ मध्ये ओळखीच्या नावावर भुलून चोराला घरात घेतलं. दोन्ही वेळा चूक एकच. नावावरून माणूस ओळखला. आपल्याकडे नुसतं नाव विचारून कोणी थांबतं का? "कोणत्या गावचे? कोणाच्या घरचे? इकडे कोणाकडे आलात?" असे तीन प्रश्न झाल्याशिवाय वऱ्हाडात चहासुद्धा मिळत नाही. फाइललाही हेच विचारायचं होतं. तू कुठे राहतेस? तुला कोणी आणलं? तुला सुरू कोण करतं?

आता या सगळ्यात बुलडाणा जिल्हा कुठे बसतो ते सांगतो. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यामुळे संगणक जाणणारी पिढी जिल्ह्यात तशी लवकर तयार होऊ लागली. २००१ पासून एमएस-सीआयटी आली आणि तालुक्या-तालुक्यात क्लास निघाले. "स्टार्ट, मग टर्न ऑफ कॉम्प्युटर" हे शिक्षक, कारकून, शेतकऱ्यांची पोरं सगळ्यांनी तोंडपाठ केलं. पण विजेने हा अभ्यासक्रम वाचला नव्हता. त्या दशकाच्या उत्तरार्धात भारनियमन असं होतं की ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज गायब. यूपीएसची बॅटरी वर्षभरात मान टाकायची. मग संगणक बंद करण्याचं काम आमच्या हातात राहिलंच नाही.

याचा परिणाम साखळीतल्या एका विशिष्ट कडीवर व्हायचा. विंडोज चालू असताना रजिस्ट्रीत सतत काहीबाही लिहीत असते. नेमकं लिहिताना वीज गेली की फाइल अर्धवट. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढरा संदेश : विंडोज सुरू होऊ शकत नाही, कारण पुढील फाइल गायब किंवा खराब आहे, विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग, सिस्टिम. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांच्या अंगावर हे वाचून काटा येईल. आणि पुढचं वाक्यही सगळ्यांना पाठ असेल. दुकानातला पोरगा संदेशाकडे एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "भाऊ, फॉरमॅट मारा लागते."

आमच्याकडे २००८ मध्ये हेच झालं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, निवृत्त शिक्षक. साठीनंतर मराठी टायपिंग शिकले होते आणि पोळ्याच्या झडत्या गोळा करायचे. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावकरी झडत्या म्हणतात. गावागावांत वेगळ्या, कुठेही छापलेल्या नाहीत. आबा एसटीने फिरून म्हाताऱ्या माणसांकडून त्या लिहून आणायचे, घरी येऊन टाइप करायचे आणि कागद रद्दीत टाकायचे, कारण "आता कॉम्प्युटरात आहे". फाइल डेस्कटॉपवर. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. तीनशे रुपयांत यंत्र सुरू होऊन परत आलं, चकाचक, हिरव्या टेकडीच्या चित्रासकट. झडत्या गेल्या. आबांनी नंतर वहीत आठवतील तेवढ्या लिहिल्या. ज्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या होत्या त्यातले बरेच तोवर राहिले नव्हते.

पुढे मी या क्षेत्रात आलो तेव्हा कुतूहल म्हणून हा संदेश मुळापासून अभ्यासला. आणि काय निघालं? विंडोज एक्सपी बसवताना रजिस्ट्रीच्या या फाइलींची एक प्रत विंडोजच्याच आत "रिपेअर" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जायची! सीडीवरून सुरू करायचं, आर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये जायचं, खराब फाइल बाजूला ठेवायची, रिपेअरमधली तिच्या जागी आणायची. त्यानंतर रिस्टोर पॉइंटमधून ताजी प्रत काढता यायची. सगळं मिळून तास-दीड तासाचं काम. तेही जमणार नसेल तर हार्ड डिस्क काढून जंपर बदलायचा, दुसऱ्या यंत्राला दुय्यम म्हणून जोडायची आणि हव्या त्या फाइली आधी उतरवून घ्यायच्या. वाटेतला एक रिक्षावाला आजारी पडला होता. आम्ही गावच पाडून नवीन बांधलं.

त्या दुकानातल्या पोरावर माझा राग नाही. त्याच्या टेबलावर दहा-बारा डबे पडलेले, वीज दिवसातून मोजके तास, आणि गिऱ्हाईक "सुरू कर बाबा एकदाचं" म्हणत उभं. फॉरमॅटचं एक निश्चित असतं, काय बिघडलंय हे न कळताही ते बरोबर येतं. निदान करणाऱ्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. पुण्यातल्या त्या दुरुस्तीच्या टेबलावर "कुठे अडलंय?" हा प्रश्न विचारायला कुणाला तरी सवड मिळाली, आमच्याकडे ती मिळाली नाही, एवढाच फरक. पण या "एवढाच"ची किंमत जिल्ह्या-जिल्ह्यांत किती घरांनी मोजली असेल! लग्नाचे फोटो, सोसायटीचे हिशेब, कुणाच्या कविता. याची नोंद कुठल्याही विषाणूच्या खात्यावर नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. विंडोज ७ (२००९) पासून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं, आणि २०११च्या फेब्रुवारीत जुन्या विंडोजसाठीही ते बंद करणारं अपडेट सगळ्यांना गेलं. व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर सहीची सक्ती आली. पुढे बायोसच्या जागी यूईएफआय आलं, आणि साखळीतला प्रत्येक टप्पा पुढच्याची सही तपासू लागला. म्हणजे नाव झालं, पत्ता झाला, आता आधार कार्डही आलं. प्रश्न सुटला म्हणायचा?

नाही. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेटच्या ड्रायव्हरवर खऱ्याखुऱ्या कंपन्यांच्या सह्या होत्या, किल्ल्या चोरून केलेल्या. आणि १९ जुलै २०२४चा शुक्रवार तर अनेकांना आठवत असेल. आपल्या घड्याळात सकाळी ९:३९ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल पाठवली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांनी ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली होती. सुरू व्हायची, पडायची, पुन्हा सुरू व्हायची. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. कारण काय? एका ठिकाणी २१ गोष्टींची अपेक्षा होती, हाती २० होत्या, आणि एकविसावी वाचायला गेलेला प्रोग्राम हद्दीबाहेर पडला. चोर नाही, चोरी नाही, सह्या सगळ्या बरोबर. घरचाच राखणदार उंबऱ्यात अडखळला.

आणि उपाय काय सांगितला गेला माहितीये? सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये सी-०००००२९१ने सुरू होणारी फाइल शोधा आणि ती उडवा. अनोळखी नावाची सिस्टिम फाइल शोधून उडवा! तेवीस वर्षांपूर्वी नेमकं हेच सांगणारं ईमेल थाप होतं. यावेळी ते खरं होतं.

दोन्हींत फरक कसा करायचा? शब्द तेच, फोल्डर तसंच. फरक एवढाच की २०२४च्या सूचनेसोबत कारणही होतं : ही फाइल काय करते, कोणी ठेवली, किती वाजता आली, साखळीतल्या कोणत्या कडीला अडवते, आणि काढली तर काय होईल. २००१च्या पत्रात कारणाच्या जागी फक्त भीती आणि घाई होती. आज निरोप ईमेलऐवजी व्हॉट्सॲपवर येतात, फाइलच्या जागी ॲप किंवा बँकेचं खातं असतं, पण चाळणी तीच लागते. कारण सांगतोय की घाई करतोय?

तेव्हा मंडळी, घरच्या यंत्रापुरतं सांगायचं तर : अनोळखी फाइल दिसली की आधी तिचा पत्ता आणि सही बघा. उडवायचीच असेल तर आधी नाव बदलून बाजूला ठेवा, आठवडाभर काही बिघडलं नाही तर मग काढा. यंत्र सुरू होत नसेल तर साखळीतल्या कोणत्या टप्प्यापर्यंत ते पोचतंय ते बघा. पडद्यावर काहीच नाही, बायोस दिसते, विंडोजचं चिन्ह दिसतं, की लॉगिननंतर अडतं? एवढं सांगितलंत तरी दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम होतं. आणि कोणी फॉरमॅट म्हणालं तर त्याला नाही म्हणू नका, फक्त "आधी डिस्क काढून फाइली उतरवून द्या, त्याचे वेगळे पैसे देतो" म्हणा. तेवढे पैसे नक्की द्या.

आबांच्या वहीत चाळीसेक झडत्या आहेत. त्या मी गेल्या दिवाळीत युनिकोडमध्ये टाइप केल्या, तीन ठिकाणी ठेवल्यात, त्यातली एक प्रत कागदावर. उरलेल्यांसाठी येत्या पोळ्याला सुट्टी टाकली आहे. मोताळ्याकडच्या दोन-तीन गावांत अजून म्हणणारे आहेत असं कळलंय. बघू या.